दाढीच्या लहान ब्रशची बाजू घेतो थोडी
१८ मिमी झुपक्याचा (म्हणजे केसांचा झुपका बुडाशी १८ मिमी रुंद असलेला) दाढीचा ब्रश म्हणजे निव्वळ खेळणं, असं एक मत आहे. ते मला अर्धंच पटलं. पाणी कमी धरतो, हे खरंच. तीनदा वस्तरा फिरवायचा असेल तर तिसऱ्या वेळेपर्यंत फेस संपतो आणि ब्रश पुन्हा साबणावर घासावा लागतो. पण वाडग्याऐवजी थेट गालावर फेस करणाऱ्याला हाच बरा. केस आखूड, म्हणून ताठ. खुंटं छान उभी करतो. नाकाखाली २६ मिमीचा ब्रश फिरवला की फेस नाकपुड्यांत जातो (अनुभवाचे बोल!). शिवाय हा लवकर वाळतो, प्रवासात मोठीच सोय. फक्त मूठ बघून घ्या. माझ्या पहिल्या ब्रशची इतकी बुटकी होती, की ओल्या बोटांतून सटकून दोनदा थेट बेसिनमध्ये!