महिला आशिया कप: नेट रन रेटचं गणित चुकतंय कुठे?

प्रश्न: २०२४ ला डांबुलात ८ संघ, दोन गट, प्रत्येक गटातून पहिले दोन सेमीफायनलला. गुण सारखे झाले की नेट रन रेट (आपल्या दर षटकामागच्या धावा वजा समोरच्या संघाच्या दर षटकामागच्या धावा) बघतात, पण माझा आकडा गुणतक्त्याशी जुळत नाही. का?

प्रतिसाद १: षटकं दशांशात घेतली असणार. ८.३ म्हणजे ८ षटकं ३ चेंडू; षटक ६ चेंडूंचं, म्हणजेच साडेआठ, ८.५. सरावासाठी २०२२ ची सिल्हेटची फायनल घ्या (फायनल तक्त्यात धरत नाहीत). श्रीलंका २० षटकांत ६५, भारत ८.३ षटकांत ७१. ७१ भागिले ८.५ म्हणजे ८.३५, वजा ३.२५ (६५ भागिले २०), उत्तर ५.१०. थेट ८.३ ने भागलंत तर ५.३० येतं.

प्रतिसाद २: लक्ष्य ६६ होतं, तरी ७१ का? सांगलीच्या स्मृती मानधनानं षटकारानं सामना संपवला. शेवटच्या फटक्याच्या सगळ्या धावा धरतात.

प्रतिसाद ३: सगळ्यात जास्त घोळ ऑलआउटला होतो. संघ १४ षटकांत गारद झाला तरी पूर्ण २० नेच भागायचं. शिवाय प्रत्येक सामन्याचा वेगळा रेट काढून सरासरी घेऊ नका. आधी सगळ्या धावा, सगळी षटकं बेरजेत घ्या, मग भागा. निकालच न लागलेला सामना वगळायचा.