मदत हवी आहे: डिसेंबरात पुण्याला चार दिवस, आई-बाबांसाठी गरम कपडे काय घ्यावेत?

सागरवेळ: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना (दोघंही सत्तरीचे) घेऊन रत्नागिरीहून एसटीने पुण्याला येतेय. दोन संध्याकाळी सवाई गंधर्व संगीत महोत्सव, एक सकाळ सिंहगड, बाकी पर्वती आणि पेठा. आमच्याकडे जाड स्वेटर नाहीतच. थर्मल विकत घेऊ का? तिघांत दोनच बॅगा आहेत.

पेठकरी: ताई, थर्मलवर पैसे घालू नका. इथली थंडी रात्रीची आणि पहाटेची. पहाटे १० ते १२ अंश, दुपारी २८-३०. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसाची ऊब रात्रीत निघून जाते. सकाळी सातला चढवलेलं थर्मल अकराला काढायचं कुठे? पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून ते घामाने भिजतं आणि ऊन उतरलं की अंगावर गार पडतं.
माणशी एक पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडणारा स्वेटर (डोक्यातून घालायचा नको, आखडलेल्या खांद्यांना जमत नाही), एक शाल, कानटोपी, मोज्यांचे तीन जोड. आत नेहमीचे सुती कपडे, तेही मोजकेच. इथे सकाळी धुतलेलं दुपारी वाळतं.

मुकुंदनगरवाली: सवाईला भारतीय बैठकीत बसणार असाल तर गारठा जमिनीतून चढतो. घडीची जाड सतरंजी आणाच. गुडघ्यांची तक्रार असेल तर सरळ खुर्चीचं तिकीट काढा आणि शाल पायांवर घ्या. कानटोपी खरी लागते ती परतताना, उघड्या रिक्षात.

सागरवेळ: उतरणार विमाननगरला. तिकडेही एवढीच थंडी?

पेठकरी: नाही. बातम्यांत येतो तो आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरचा. तुमच्या विमाननगरजवळच्या लोहगावला, तसंच मगरपट्टा बाजूला पहाटेचा पारा बरेचदा तीन-चार अंश वरच असतो. पाषाण मात्र चांगलंच गार. निघायच्या आदल्या दिवशी किमान तापमान बघा. ढगाळ असेल तर थंडी पळालेली असते, मग एकेका शालीवर भागेल.

डोणजेकर: सिंहगड साधारण १३०० मीटर उंच, आणि वर वारा. स्वेटरच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो, म्हणून वर न विणलेलं काहीतरी हवं. पावसाळी जाकीट कोकणात घरोघरी असतं, तेच स्वेटरवर घाला, नवं घेऊ नका. चपला नकोत, पकड असलेले बूट. आई-बाबा बरोबर आहेत तर पहाटेचा हट्ट सोडा, साडेआठनंतर वर पोचा.

सागरवेळ: आणखी काही राहिलं?

पेठकरी: ओठांना, टाचांना कोकमाचं तेल घ्या, कोरड्या हवेत दुसऱ्याच दिवशी फुटायला लागतात. आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. अरुंद तोंडाच्या बाटलीतून सकाळी थेंब निघणार नाही, रुंद डबीत भरून आणा.