जनावरांची मज्जासंस्था शिकायची ती कुत्र्यावर की शेळीवर?

दावणीचा डॉक्टर (धागाकर्ता)

व्हेटर्नरीच्या पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी सुरू झाली की ज्युनिअर पोरांचे मेसेज येतात. सर, न्यूरोसाठी, म्हणजे मज्जासंस्थेसाठी, कुठलं ॲप घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, कुठलंच नको. थ्रीडी मेंदू बोटाने फिरवायला झकास वाटतो, पण तो बहुतेक वेळा कुत्र्याचा, नाहीतर घोड्याचा. आणि पदवी घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात बसलात की समोर गाय, म्हैस, शेळी.

शिंगाचंच घ्या. गायीचं शिंग बधिर करायला डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, कपाळाच्या हाडाच्या कडेखाली एक सुई पुरते. शेळीचं तेवढ्यावर भागत नाही. तिच्या शिंगाला डोळ्याच्या आतल्या बाजूने दुसरी नर्व्ह येते, इन्फ्राट्रॉक्लिअरची फांदी. ती सोडलीत तर इंजेक्शन देऊनही शेळी बोंब मारते आणि मालक तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. कुत्र्याला शिंगंच नाहीत, ॲप बिचारं काय शिकवणार?

एपिड्युरलचंही, म्हणजे मणक्यात सुई देऊन बधिर करण्याचंही, तेच. गायीची शेपटी वरखाली केली की तिच्या पहिल्या दोन मणक्यांमधली फट बोटाला लागते. तिथे दोन टक्क्यांचं लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) ५ मिली दिलं की शेपटी लुळी पडते आणि मायांग बाहेर आलेली गाय कुंथायची थांबते. तिचा मज्जारज्जू सेक्रमच्या (कमरेमागच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडाच्या) सुरुवातीलाच संपलेला असतो, म्हणून तिथे सुईची भीती नाही. हे शिकायला राघवन यांचं बैलाच्या ॲनाटॉमीचं १९६४चं जुनं पुस्तक आजही कामाला येतं. थोडक्यात, ॲपचे पैसे खाटकाला द्या. बोकडाची मुंडी आणा आणि मेंदू स्वतःच्या हाताने काढा.

पेठेतली मांजर

साफ असहमत. मुंडीतून मेंदूचे भाग कळतील, पण आजार कुठे आहे हे कसं शोधायचं ते कळणार नाही. मेलेला मेंदू चालून दाखवत नाही ना डॉक्टर!

न्यूरो म्हणजे आधी जागा ठरवणं. मानेचा वरचा भाग, पुढच्या पायांचा पट्टा म्हणजे सी-६ ते टी-२ (मज्जारज्जूचे भाग: सी मानेचे, टी छातीचे, एल कमरेचे), मग टी-३ ते एल-३, मग मागच्या पायांचा. ही चौकट डोक्यात बसवायची तर तपासणी कुत्र्यावरच शिकावी लागते, कारण कुत्रा उचलता येतो. एका पायावर उड्या मारायला लावता येतं, पंजा उलटा ठेवून तो किती वेळात सरळ करतो ते बघता येतं. चारशे किलोच्या म्हशीचा खूर उलटा ठेवून दाखवा बरं.

पाठीत डिस्क सरकलेला डॅशहुंड (बुटका, लांब पाठीचा कुत्रा) येतो तेव्हा मागचे पाय गेलेले आणि पुढचे काठीसारखे ताठ. नवखा डॉक्टर मानेचा एक्स-रे काढतो. खरा मार बसलेला असतो टी-३ ते एल-३ मध्ये, कारण पुढच्या पायांना सैल ठेवणारे न्यूरॉन लंबर (कमरेच्या) भागात असतात आणि त्यांची वर जाणारी वाट तुटलेली असते. शिफ-शेरिंग्टन म्हणतात याला. पुस्तकात दहादा वाचून जे डोक्यात शिरत नाही ते व्हिडिओत एकदा बघितलं की बसतं. कॉर्नेल विद्यापीठातले जनावरांच्या न्यूरोचे प्राध्यापक डी लाहुंटा यांनी वर्षानुवर्षं चित्रित केलेल्या केसेस आहेत. चाल बघायची, थांबवायचं, स्वतः निदान लिहायचं, मग पुढे बघायचं. हे तुमच्या खाटकाकडे मिळत नाही.

दावणीचा डॉक्टर

मॅडम, पुण्यात डॅशहुंड येतात. माझ्याकडे अडलेली कालवड येते. गावातल्या चौघांनी वासरू ओढून काढलेलं, आणि दुसऱ्या दिवशी ती मागचे पाय फाकवून बसलेली. ऑबट्युरेटर, म्हणजे मांड्या जवळ ओढणारी नर्व्ह, गेली. ती कुठल्या व्हिडिओत बघू?

पेठेतली मांजर

नुसतं ऑबट्युरेटर म्हणून सोडून देणं जुनं झालं. सहाव्या लंबर नर्व्हचं जे मूळ सायॅटिकला (मागच्या पायाच्या मोठ्या नर्व्हला) मिळतं, तेही सेक्रमच्या कडेवर वासराखाली चेंगरतं. म्हणून तिचे पाय फाकतातच, शिवाय तिला उठताही येत नाही आणि घोट्यात पाय मुडपतो. बघा, मुळांचा तोच हिशेब, जो मी कुत्र्यावर शिकले. जनावर बदललं तरी हिशेब बदलत नाही.

बॅकबेंचर_सेकंडइयर

दोघेही सीनिअर आहात, पण डिसेक्शन हॉलची हालत विसरलात वाटतं. एका टेबलाभोवती आख्खी बॅच. फॉर्मलीनने डोळ्यांतून धारा. मागच्याला पुढच्याचा एप्रन दिसतो, मेंदू नाही. आणि स्पेसिमेन हाताळून हाताळून इतकं झिजलेलं की बाराच्या बारा क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूच्या निघणाऱ्या) मोजायच्या म्हटलं तर अर्ध्या तुटलेल्या. ट्रॉक्लिअर तर मी प्रत्यक्ष पाहिलीच नाही. बारांत तीच एक मेंदूच्या वरच्या बाजूने निघते, दोऱ्याएवढी बारीक, त्यामुळे पहिली तीच जाते. स्पॉटिंगला (पिन टोचलेला भाग ओळखायच्या परीक्षेला) मात्र पिन बरोब्बर तिच्या जागेवर.

खाटकाकडची मुंडी मीही आणली होती. त्याने सवयीने सुरा घालून दोन फाकी करून दिल्या. रात्री होस्टेलवर मिनेसोटा विद्यापीठाची फुकट साइट उघडून बसतो तेव्हाच काहीतरी कळतं. ॲपला नावं ठेवू नका.

फॉर्मलीनवाले सर

बॅकबेंचर, खाटकाला आधी सांगायचं, 'डोकं फोडू नका.' पुढचं काम तुझं. कातडी आणि मांस सोलून घे. डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच मागे आडवी करवत, तिथून दोन्ही बाजूंनी मागे मणक्याच्या भोकापर्यंत. खोलवर नको, हाडाचा आवाज बदलला की थांब. टोपी निघाली की खाली ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं आवरण, चिवट. मोठा आणि छोटा मेंदू यांच्यामधला तिचा पडदा कापल्याशिवाय ओढलंस तर सेरेबेलम, म्हणजे छोटा मेंदू, हातात येईल आणि बाकी आत राहील. मग मुंडी उलटी धर आणि मेंदू मागून, मेड्युलाकडून (मणक्याकडच्या टोकाकडून) सोडव. प्रत्येक नर्व्ह हाडाला चिकटून काप, म्हणजे बुडखा मेंदूवर राहतो. ट्रॉक्लिअर अशीच वाचते.

तळाशी पिट्युटरी ग्रंथीभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं दिसेल. हे रेटे मिराबिले शेळी-मेंढीत आणि गायी-म्हशीत असतं, कुत्र्यात आणि घोड्यात नाही. धागाकर्त्यांचा मुद्दा इथे मला पटतो. कुत्र्याच्या मॉडेलवर शिकलेलं पोर इथे गडबडतं.

ताजा मेंदू दह्यासारखा असतो, बरणीच्या तळाशी ठेवलास तर चपटा होईल. मेंदूच्या तळाच्या बॅसिलर आर्टरीखालून दोरा ओवून उलटा टांग आणि दहा टक्के फॉर्मलीनमध्ये निदान दोन आठवडे राहू दे. गायीचा मेंदू मात्र विसरा. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूही कापता येत नाहीत, गाय तर आधीपासूनच. मोठा मेंदू हवा तर म्हशीचा.

आणि एक सक्त ताकीद. खाटकाकडची मुंडी निरोगी जनावराची असते. गोठ्यात वेड्यासारखं करून मेलेल्या जनावराचं डोकं अभ्यासाला म्हणून कोणीही उघडायचं नाही. रेबीज असू शकतो. रेबीजचे निग्री बॉडीज (बाधित पेशींत दिसणारे ठिपके) गायीत सेरेबेलमच्या पुरकिंजे पेशींत आणि कुत्र्यात हिप्पोकॅम्पसमध्ये शोधतात, हे परीक्षेपुरतं माहीत असू दे. ते डोकं रोगनिदान प्रयोगशाळेतच जातं, आणि लस आधी घेतलेल्या माणसाच्या हातून.

अळणी

मी मुंडीला हात लावणार नाही, घरात चालत नाही. म्हणून मी व्हेटर्नरी सोडायची का? प्लास्टिनेशन केलेला (प्लास्टिक भरून टिकवलेला) एक चांगला संच कॉलेजने घेतला तर कितीतरी बॅचेसना पुरतो, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

फॉर्मलीनवाले सर

सोडायची गरज नाही. पण प्लास्टिनेशनचा मेंदू कडक असतो. ड्युरा किती चिवट आणि आतला मेंदू किती मऊ, हे त्यात कळत नाही.

रानातला

दोन्ही पार्ट्यांना प्रश्न. धनगराच्या कळपात एक मेंढी गोल-गोल फिरतेय. कुत्र्याच्या पट्टकृमीची गाठ मेंदूत झाली की लिस्टेरिया (मेंदूला होणारा जिवाणूचा आजार)?

गाठीत ती बहुधा फिरते, पण तोंड ठीक असतं. ज्या बाजूला गाठ त्याच्या उलट्या बाजूचा डोळा समोर हात उगारला तरी लवत नाही. लिस्टेरियात ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आजारात सापडतो, म्हणून एका बाजूचा कान लोंबतो, ओठ ओघळतो, लाळ गळते. हे मुंडीत दिसणार नाही आणि कुत्र्याच्या व्हिडिओतही नाही. फील्डवरच्या प्रत्येक डॉक्टरच्या फोनमध्ये अशा क्लिपा पडून आहेत, लग्नाच्या फोटोंखाली गाडलेल्या. त्या एका जागी आल्या तर तुमचं भांडण मिटतं.

पेठेतली मांजर

भांडण मिटत नाही, पण क्लिपा पाठवा. फक्त सध्या येतात तशा नकोत, हलता फोन आणि मागे पाच जण बोलतायत. कडक जमीन, दावं सैल, मागून चालताना अर्धा मिनिट, बाजूने अर्धा मिनिट, मग चेहरा समोरून, दोन्ही कान एका फ्रेममध्ये. मालकाची परवानगी घ्या आणि निदान आधी सांगू नका. निदान विद्यार्थ्यांनी लिहायचं.

दावणीचा डॉक्टर

दावं सैल सोडून म्हैस अर्धा मिनिट सरळ चालणार! मॅडम, एकदा गोठ्यावर याच. कॅमेरा तुम्ही धरा, मी म्हैस धरतो.