आयनॅचरलिस्टवर फक्त देशी आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती कशा निवडायच्या? (अंजनेरी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

आयनॅचरलिस्ट (सजीवांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) नेहमी वापरणाऱ्यांची मदत हवी आहे.

अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यात आणि नंतर फुलणाऱ्या वनस्पतींची यादी करतोय. पाऊस सुरू झाला की उत्साही लोक रोपं घेऊन वर येतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण झाडं नसलेलं पठार त्यांना ओसाड वाटतं. कातळावरच्या बोटभर मातीत इथं कंदीलपुष्प येतं आणि त्याचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका आहे, हे सांगितलं की ते थबकतात. पण एका फुलावर किती दिवस भागवणार? देशी कोणत्या, त्यातल्या प्रदेशनिष्ठ (म्हणजे ठरावीक प्रदेशातच सापडणाऱ्या) कोणत्या आणि घाणेरी, गाजरगवत, कॉसमॉससारख्या बाहेरून आलेल्या कोणत्या, अशी पूर्ण यादी हातात हवी.

अडचण अशी की 'नेटिव्ह' फिल्टर लावला की यादी एकदम आखडते. रोज दिसणारी साधी रानफुलंही गायब होतात. 'एंडेमिक' (प्रदेशनिष्ठ) लावलं तर भारतभर पसरलेल्या आणि फक्त सह्याद्रीत सापडणाऱ्या प्रजाती एकत्रच येतात. मला सह्याद्रीपुरत्या वेगळ्या करायच्या आहेत.

शिवाय नकाशावर मी स्वतः अंजनेरीभोवती चौकट आखली, तर कंदीलपुष्पाच्या नोंदी त्यात येत नाहीत. असं का?

प्रतिसाद

देशी-परदेशी हा दर्जा नोंदीला नसतो. तो त्या जागेच्या प्रजाती-यादीत असतो आणि स्वयंसेवक भरतात. ज्या प्रजातीचा दर्जा कुणी भरलाच नाही ती 'नेटिव्ह'मध्ये येत नाही. म्हणून उलटं करा: ब्राउझरमधल्या पत्त्याच्या ओळीत शेवटी 'इंट्रोड्यूस्ड=फॉल्स' जोडा (अक्षरं इंग्रजीत). मग फक्त परदेशी म्हणून नोंदलेल्या वगळल्या जातील. उरलेल्यांवर मात्र नजर फिरवा, दर्जा न भरलेली परदेशीही त्यात राहते.

सह्याद्री सहा राज्यांत पसरलाय. गुजरातपासून केरळपर्यंत वाढणारी वनस्पती महाराष्ट्राची प्रदेशनिष्ठ ठरत नाही, भारताची ठरते. हे वेगळं करणं फिल्टरच्या आवाक्यातलं नाही. नोंदी उतरवून घ्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढलेल्या नाशिक जिल्ह्याच्या फ्लोराशी (वनस्पतींच्या सूचिग्रंथाशी) ताडा.

कंदीलपुष्पाचं म्हणाल, तर संकटग्रस्त प्रजातींची नेमकी जागा मुद्दाम झाकतात. नोंद सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसते, त्यामुळे छोट्या चौकटीतून निसटते. कंद उकरून नेणारे असतात, तेव्हा हे झाकणं योग्यच आहे. शोध अख्ख्या जिल्ह्यावर लावा.

मूळ धागाकर्ता

खूप आभार. आजच जिल्ह्याची यादी उतरवतो. गवतं ओळखणारं कुणी नाशकात असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथं माझं फार अडतं.