विषय: [चर्चा] यंदाचे सन्मान, आणि देणगीदाराचं नाव "कायमचं" ठेवायचं का?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

वार्षिक संमेलनात यंदापासून तीन सन्मान द्यायचं कार्यकारिणीत घाटतंय. एक दातृत्वासाठी, एक नेतृत्वासाठी म्हणजे जे वर्षानुवर्षं नाटक-संगीत विभाग ओढतायत त्यांच्यासाठी, आणि एक कलेला हात देणाऱ्या उद्योगासाठी. एका प्रायोजकांनी तिन्हींचा खर्च एकरकमी उचलायची तयारी दाखवलीये, अट एवढीच की सन्मानांना त्यांच्या कंपनीचं नाव कायमचं असावं. रक्कम चांगली आहे, मला तरी नाही म्हणायचं कारण दिसत नाही, पण लिस्टवर विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. शनिवारपर्यंत कळवा.

प्रेषक: नाट्यविभाग

सचिवसाहेब, "कायमचं" वाचून अडखळले. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या हॉलसाठी १९७३ मध्ये एव्हरी फिशर यांनी १ कोटी ५ लाख डॉलर दिले, हॉलला त्यांचं नाव लागलं. चाळीसेक वर्षांनी हॉल नव्याने करायचा म्हटल्यावर नवा मोठा देणगीदार हवा, आणि त्याला द्यायला हातात काय, तर नाव! मग फिशर कुटुंबाने नाव सोडावं म्हणून त्यांनाच दीड कोटी डॉलर द्यायचं ठरलं, म्हणजे आकडा मूळ देणगीपेक्षा मोठा (महागाई धरली तर हिशोब बदलतो, खजिनदारकाका, आधीच कबूल करते), आणि २०१५ मध्ये डेव्हिड गेफन यांनी १० कोटी देऊन स्वतःचं नाव लावलं. त्यांच्याकडे वकिलांची फौज असेल, आपल्याकडे कोण आहे?

आणि उद्या त्या नावालाच काही झालं तर? ऑक्सिकॉन्टिन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचे मालक म्हणून सॅकलर या देणगीदार कुटुंबावर टीका सुरू झाली तशी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०२१ मध्ये आपापल्या दालनांवरून ते नाव उतरवलं. आपले प्रायोजक सज्जन आहेत, त्यांच्याबद्दल काहीच म्हणत नाहीये, पण कायमचं म्हणजे त्यांच्यानंतर ती कंपनी कोण विकत घेईल त्याचंही.

प्रेषक: खजिनदार

महागाईचं मी म्हणणारच होतो :)

तत्त्वाचं सगळं मान्य, पण पैसे येतात कुठून तेही बघा. कलेला पैसे देणं हे धंद्याचंही काम आहे असं अमेरिकेतले बँकर डेव्हिड रॉकफेलर वगैरे मंडळींनी १९६७ मध्येच बिझनेस कमिटी फॉर द आर्ट्स ही संस्था काढून सांगितलं, आणि देणाऱ्याला बदल्यात काहीतरी दिसायला हवं असतं यात लाजण्यासारखं काय आहे? माझी तक्रार वेगळीच आहे. प्रयोगाच्या दिवसाचं प्रायोजकत्व सगळ्यांना हवं असतं कारण तेव्हा पडद्यावर लोगो येतो, पण त्याआधीचे चार महिने तालमीच्या खोलीचं भाडं, विमा, लाइटवाल्याचा ॲडव्हान्स, यावर नाव लावायला कोणी तयार नाही, ते मी इकडचं तिकडे करून भागवतो. आणि दर वर्षी आपला ऑडिट फुकट करून देणारा माणूस आहे, त्याचं नाव अर्ध्या लिस्टला माहीत नसेल. उद्योगाचा सन्मान द्यायचाच तर असल्यांना द्या.

प्रेषक: ग्रंथालय

खजिनदारांशी सहमत, फक्त एक उलटं उदाहरण देतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी नाट्यगृह बांधलं, १९१५ मध्ये ते उभं राहिलं, तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. पुढे त्याला नाव लागलं ते केशवराव भोसल्यांचं, म्हणजे नटाचं. बांधणारा राजा, नाव गायक-नटाचं, आणि त्यामुळे महाराजांचं श्रेय कुठे कमी झालंय असं मला तरी कधी कोणी सांगितलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, नेमकं केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा लोक हळहळले ते वास्तूसाठी आणि त्या दोघांसाठीही.

अर्थात सगळीकडे असं होत नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून जमशेटजी जीजीभॉय यांच्याच नावाने चालतंय, त्यांनी १ लाख रुपये दिले होते, आणि ते नाव कोणाला खुपत नाही. पण तिथे नावाखाली शाळा आहे हो, रोज पोरं चित्रं काढतायत. आपल्याकडे नावाखाली काय असणार, वर्षातून दहा मिनिटांचं भाषण?

माझं म्हणणं, सन्मान कलाकाराच्या नावाचा ठेवा आणि खाली "यांच्या सौजन्याने" म्हणून कंपनी, पाच वर्षांसाठी, लेखी.

प्रेषक: सचिव

सगळ्यांचे आभार, रात्री प्रायोजकांशी फोनवर बोललो. पाच वर्षांना ते एका मिनिटात तयार झाले, "कायमचं" त्यांच्या मार्केटिंगवाल्याने लिहिलं होतं म्हणे! कलाकाराच्या नावाचं मात्र विचार करून सांगतो म्हणालेत, तिथे थोडं अडलंय. तालमीच्या भाड्याचं विचारलं तर "किती असतं?" असा उलट प्रश्न आला, तेव्हा काका, गेल्या वर्षीचे आकडे आजच पाठवा, गरम आहे तोवर.

ऑडिटवाल्या गृहस्थांना मी स्वतः विचारलं. स्टेजवर येणार नाही म्हणाले, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या द्या. नाट्यविभाग, तेवढ्या राखून ठेवाल का?