आयरिशमधलं 'तॉ': धातूचं मूळ शिकताना कामी येतं का?

डब्लिनकर: संध्याकाळच्या आयरिश वर्गात पहिल्याच दिवशी 'आहे'साठी दोन शब्द आले, 'इस' आणि 'तॉ'. कुठे कोणता, ते पाठ करा म्हणाले. माझं ठाम मत: मूळ सांगितलं असतं तर निम्मं पाठांतर वाचलं असतं. 'इस' हे 'अस्ति'चं भावंड, त्याने ओळख सांगायची: 'इस मून्त्योर मे', मी शिक्षक आहे. 'तॉ' हे 'स्था'च्या, म्हणजे 'उभं राहणं' या संस्कृत धातूच्या, कुळातलं, जुन्या आयरिशमध्ये 'अत्ता'. कोण कुठे, कशा अवस्थेत आहे ते यानं सांगायचं. 'तॉ ल्यौर अगम', पुस्तक माझ्यापाशी आहे. 'तॉ ब्रोन ओरम', माझ्यावर दुःख आहे.

शब्दवेल्हाळ: अजिबात पटलं नाही. 'तॉ शे मारव' म्हणजे तो मेलेला आहे. यात उभं राहणं कुठलं? डोंगर उंच आहे, यालाही 'तॉ'च. आजच्या बोलणाऱ्याच्या डोक्यात 'स्था' नसतो. नामाला नाम जोडायचं तर बहुतेक ठिकाणी 'इस', विशेषण किंवा जागा आली की 'तॉ', एवढं पुरतं. शिवाय प्रश्नात 'तॉ'चं 'विल' होतं, आणि त्याचं मूळ 'बघ!' या आज्ञार्थात मानतात. भविष्यकाळातलं 'बे' पुन्हा 'भू'च्या घरातलं. एका क्रियापदात तीन धातू! कोणाकोणाचं मूळ शिकवणार?

सातारी पाटी: आपण तरी काय करतो? 'आहे' म्हणतो आणि भूतकाळात 'होता', जो 'भू'कडून आला. कुणाला अडत नाही. मला मुळापेक्षा मराठीचा आधार जास्त वाटतो. 'तॉ शे अन' म्हणजे तो तिथे आहे, 'बीन शे अन गाख लॉ' म्हणजे तो रोज तिथे असतो. आहे आणि असतो, हा फरक आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. आणि 'अन विल तू अन?' ला उत्तर 'तॉ'. 'आहेस का?' 'आहे.' 'हो' म्हणायला आयरिशमध्ये वेगळा शब्दच नाही.

डब्लिनकर: 'मारव'चं उदाहरण मान्य, तिथे माझा नियम तुटतो. पण शब्दवेल्हाळ, अनियमित क्रियापदं मोजून 11 आहेत. अकरा जणांची घराणी सांगायला किती वेळ लागतो? 'विल' मागे 'बघ' आहे हे तुम्ही आत्ता सांगितलंत, आणि तो शब्द मी आता विसरणार नाही.

शब्दवेल्हाळ: लक्षात राहील, हे खरं. तो कधी वापरायचा, ते मात्र वर्गात बोलूनच कळेल.