मदत हवी आहे: महोत्सवातल्या चित्रपटांची ओळख किती सांगावी?

नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या वस्तीतल्या वाचनालयात छोटासा मराठी चित्रपट महोत्सव भरवतोय. कार्यक्रमाची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

सुरुवात ‘श्यामची आई’ने. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, 1954 साली, याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. दुसऱ्या दिवशी ‘श्वास’. मराठीला पुन्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळायला पन्नास वर्षं लागली, म्हणून ही जोडी मुद्दाम लावलीय. शेवटी विदर्भातले लघुपट, त्यातले काही झाडीबोलीत.

अडचण ‘श्वास’ची आहे. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी दवाखान्यातून बाहेर नेतात, जग डोळे भरून बघू देतात. हे आधीच सांगितलं तर पाहणाऱ्यांचा घास हिरावल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर समोर बसलेली शाळेची पोरं तयारीशिवाय त्या प्रसंगाला सामोरी जातील, याची मला खरंच काळजी वाटते.

सूत्रसंचालन केलेल्यांनी सांगा ना, कुठवर बोलावं? आणि झाडीबोलीतल्या लघुपटांची ओळख त्याच बोलीत करून देणारं भंडारा-गडचिरोलीकडचं कोणी येऊ शकेल का? येण्याजाण्याची सोय आम्ही करू.